सुलतानपूरची बॅटरी

मी उभ्या आयुष्यात घोंगडीची पँट एकाच माणसासाठी शिवली. धनगराकडची, काळी, टोचरी, अस्सल घोंगडी. शिवताना मशीनच्या सुया मोडल्या, पट्टा तुटला, आणि माझ्या बायकोनं आतून येऊन विचारलं, "हे काय हो, बैलाची झूल शिवून राह्यले काय?"

"नाही. गुलाबभाऊची पँट हाय."

ती आत गेली. गुलाबभाऊचं नाव निघालं की आमच्या गल्लीत पुढचा प्रश्न कोणी विचारत नसे.

खामगाव हे कापसाचं गाव. हंगामात रस्त्यानं गाड्याच गाड्या, झाडांच्या फांद्यांना कापूस, गटारात कापूस, चहात कापूस. अशा गावात हा माणूस लोकर घालून फिरायचा, आणि तोही मे महिन्यात, जेव्हा कुत्रीसुद्धा नळाखालची ओल धरून पडून असतात. त्याचं कारण त्याच्या धंद्यात होतं. गुलाबभाऊ बॅटऱ्या चार्ज करून द्यायचा. बॅटरीत ॲसिड असतं, आणि त्याचा एक थेंब धोतरावर पडला की दिसत काहीच नाही. पुढच्या धुण्यात मात्र तिथं बोट जाईल एवढं भोक.

"मास्तर, तेजाब सुताले खाते," त्यानं मला घोंगडी आणून देताना समजावलं. "लोकरीले नाही खात. मेंढीचं अंग हाय ते."

"पण भाऊ, उन्हाळा?"

"उन्हाळ्यानं कपड्याले भोकं पडते काय?"

मी टेप गळ्यात टाकला आणि माप घ्यायला वाकलो. माप घेईपर्यंत तो माणूस दुकानाबाहेर जाऊन, रस्त्यावरच्या कोणाशी तरी बोलून, परत आला होता.

आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. माझं शिवणाचं, त्याचं चार्जिंगचं. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. खामगावात वीज होती, पण आसपासच्या खेड्यांत नव्हती. मात्र पंचायतींना सरकारी रेडिओ मिळाले होते, आणि लग्नात लाउडस्पीकर लावल्याशिवाय नवरदेव घोड्यावर चढत नव्हता. हे सगळं चालायचं बॅटरीवर. बॅटरी रिकामी झाली की बैलगाडीत नाहीतर मोटारीच्या टपावर बसून ती खामगावला यायची आणि गुलाबभाऊच्या फळीवर दाखल व्हायची. भिंतीवर त्याचं ते वीज भरणारं यंत्र, त्यात एक मोठा काचेचा गोळा, जांभळट उजेड देणारा. गोळ्याखाली ओळीनं बॅटऱ्या, तोंडाची बुचं काढलेल्या. दवाखान्यात खाटा मांडाव्यात तशा.

गुलाबभाऊ उंच, काटकुळा. मान पुढं काढून चालायचा. कुठंही जाताना त्याचं डोकं आधी पोचायचं, बाकीचा माणूस मागून. घाई म्हणजे किती? जेवायचा उभ्यानं. भाकरी हातात, तिच्यावर ठेचा, आणि घास चावत चावत दुकानाच्या आत-बाहेर फेऱ्या. न्हाव्याकडे बसला असताना कोणी हाक मारली तर एका गालाला साबण तसाच ठेवून उठायचा, आणि परत जायची आठवण राहिली नाही तर त्याच गालानं दिवस काढायचा. सिनेमा कधी शेवटपर्यंत पाहिला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "शेवटी लगनच होते ना तेईचं? मंग कायले पाहाचं?" मयताच्या घरी सगळ्यांच्या आधी पोचायचा आणि रडणाऱ्या माणसांना विचारायचा, "काऊन बसले? काही आणाचं राह्यलं का?" शेगावला दर्शनाला गेला तर रांग पाहून बाहेरूनच कळसाला हात जोडायचा, आणि मिळेल त्या गाडीनं परत. बोलतानासुद्धा वाक्य पुरं करत नसे. "मास्तर, तो तुमचा, हे, मंग सांगतो," एवढं म्हणून तो निघून जायचा, आणि मला दिवसभर वाटत राहायचं की आपलं काहीतरी बिघडलं आहे.

पण हाच माणूस बॅटरीपुढं उभा राहिला की बदलायचा.

"पोट भरू दे तिचं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक दारात तळमळत असायचं आणि हा म्हणायचा, "पोट भरू दे तिचं. तू चहा पिऊन ये." चहा पिऊन आलेल्याला, "अजून उकळली नाही. तू उद्या ये." बॅटरी भरत आली की तिच्यातलं पाणी बुडबुडायला लागतं, बारीक सूं सूं आवाज येतो. गुलाबभाऊ एकेका तोंडाशी कान नेऊन तो आवाज ऐकायचा. सगळी तोंडं सारखी बोलायला लागली तरच तो मान हलवायचा. बॅटरीच्या आतल्या कप्प्यांपैकी एखादं घर जरा मागं असलं की म्हणायचा, "हे लहानं हाय. जेवाले उशीर लावते." आणि त्या एका लहान्यासाठी सगळी बॅटरी आणखी दिवसभर फळीवर.

त्याचे कायदे सगळ्या गल्लीला पाठ झाले होते. अर्धी रिकामी झाली की आणा, पार तळ गाठू देऊ नका. रिकामी झालेली कोपऱ्यात ठेवू नका, लगेच आणा, नाहीतर आतले पत्रे पांढरे पडतात. वीज सावकाश सोडायची. पाणी शुद्ध केलेलंच, विहिरीचं नाही, आणि ते चार्ज झाल्यावर घालायचं. दुकानासमोर बिडी पेटवायची नाही. या शेवटच्या कायद्यापायी माझीही गिऱ्हाइकं गेली. पायजमा टाकायला आलेला माणूस बिडीला काडी लावायचा आणि शेजारून घोंगडीची पँट धावत यायची.

"ट्रकची बॅटरी वेगळी बे," तो मला समजावायचा, मी विचारलेलं नसताना. "ते एक दणका देते अन् मोकळी होते. हे रेडिओवाली, हे दिवसभर चालणारी हाय. जाड पत्र्याची. हिले घाई केली का मेली."

एकदा शंकर लाउडस्पीकरवाला घाम पुसत आला. शेजारच्या खेड्यात लग्न होतं आणि त्याची बॅटरी इथं फळीवर.

"भाऊ, वरात दारात उभी हाय!"

"उभी राहू दे. वरातीले पाय हाय."

"अर्धी झाली असन ना? अर्धीच द्या."

"अर्ध्या पोटी कामाले धाडू काय तिले? तू मागच्या लग्नात पार कोरडी करून आणली. तेही चार दिस घरात लोळवून."

"मंग वीज जराशी जास्त सोडा ना, भाऊ. पाया पडतो."

"तापीन. पत्रे वाकतीन. तुले कोणी तोंडात भाकरी कोंबली तं?"

शंकर खरंच पाया पडायला वाकला. गुलाबभाऊ तोवर आत निघून गेला होता. शेवटी त्या वरातीत नवरीचा मामा गळा फाडून गायला, आणि तो असा गायला म्हणे की घोडं बिथरलं. मामा दुसऱ्या दिवशी बसलेल्या आवाजात भांडायला आला. त्याचं काय म्हणणं आहे ते कोणाला नीट ऐकूच आलं नाही. गुलाबभाऊनं त्याला गरम पाणी पाजून परत पाठवलं. शंकर महिनाभर रुसला आणि मग परत आला. कारण दुसरीकडे भरलेली बॅटरी लग्नाच्या मध्येच मान टाकते, आणि गुलाबभाऊची टाकत नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढा हा माणूस, तर त्याच्या घरी कोणी नव्हतं का? होतं. नव्हतंही.

त्याची बायको अनसूया. सगळे अनसा म्हणायचे. मेहकरच्या पलीकडचं सुलतानपूर हे तिचं माहेर. मी तिला पाहिली आहे. रंगानं सावळी, अंगानं बारीक, आणि चालीनं अशी संथ की रस्ता ओलांडताना सायकलवाले उतरून उभे राहायचे. तिच्या भाकरीला वेळ लागायचा, पण ती पौर्णिमेच्या चंद्रासारखी गोल उतरायची. गुलाबभाऊ तोवर चुलीपुढं उभ्यानं नाचत असायचा. दिवसभर त्यांची भांडणं ऐकू यायची. म्हणजे त्याची यायची. ती एक वाक्य बोलायची आणि तो त्याला चार तास उत्तर द्यायचा.

पण बॅटऱ्यांत पाणी घालायचं काम तिचं. गुलाबभाऊच्या डोक्याला कळायचं की बॅटरीला घाई नको, पण हात ऐकायचे नाहीत. तो पाणी घालायला गेला की सांडायचं, उडायचं. अनसा पदर खोचून बसायची आणि बारीक धारेनं एकेक घर भरायची, पत्रे बुडतील इतकंच. ती होती तेव्हा त्याच्या कपड्यांना एवढी भोकं नसायची. हे मी शिंपी म्हणून सांगतो.

एका दिवाळीला ती माहेरी गेली. रीतीप्रमाणे हा तिला आणायला गेला. ती हकीकत त्यानंच मला कितीदा तरी सांगितली, आणि दर वेळी नव्यानं तापून.

"सकाळच्या मोटारीनं गेलो. डायवर म्हणे, चहा पिऊन परत फिरतो. म्हणलं, बरं झालं, याच मोटारीनं नेतो. घरी गेलो तं बाई न्हाऊन राह्यली! सासरा म्हणे, जवाईबुवा, जेवून तं जा. म्हणलं, मोटार जाऊन राह्यली. हे म्हणते, केस तं वाळू द्या. केस! मोटारीत वारा नाही काय? खिडकीत बस, वाळतीन!"

"मग?"

"मंग काय? मोटार निघाली. मी बसलो."

"आणि वहिनी?"

"न्हाऊन राह्यली होती ना बे!"

असा तो बायकोला आणायला जाऊन बायकोशिवाय परत आला. त्याला वाटलं, येईल मागून. तिला वाटलं, येतील परत न्यायला. दोघंही वाट पाहत बसले. म्हणजे ती बसली, आणि हा फेऱ्या मारत राहिला. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. लोकांनी समजावलं, मी समजावलं. "मी गेल्तो ना एकदा," एवढंच तो म्हणायचा आणि दुसऱ्या कामाला लागायचा.

पुढं सुलतानपुरातही पंचायतीचा रेडिओ आला. अनसाचे वडील, दाजीबा, पंचायतीत होते, तेव्हा रेडिओ त्यांच्याच ओसरीवर बसला. त्याची बॅटरी भरायला मेहकर जवळ. तिथं एक पिठाच्या गिरणीवाला जोडधंदा म्हणून बॅटऱ्या भरून द्यायचा. पण ही बॅटरी मेहकर ओलांडून, मोटारीच्या टपावर धक्के खात, थेट खामगावला यायची. मला बरेच दिवस याचं नवल वाटायचं. मग एकदा महादेव कंडक्टरनं ती उतरवताना सांगितलं, "गुलाबभाऊच्या सासऱ्याची हाय. बाईनं बजावून सांगतलं, खामगावलेच द्या म्हणून."

ती बॅटरी आली की गुलाबभाऊ तिला फळीच्या टोकाला, भिंतीकडे ठेवायचा. आधी सगळीकडून पाहायचा. तारा जोडायच्या जागा सोड्यानं धुतलेल्या असायच्या, वर ग्रीस लावलेलं. बुचं घट्ट. आत पाणी पत्र्यांच्या जरा वर, जिथं हवं तिथंच. मी एकदा शेजारी उभा होतो तेव्हा तो बूच काढून आत पाहत म्हणाला, "तब्येत चांगली हाय." माझी समजूत अशी झाली की तो बॅटरीबद्दल बोलतो आहे. मग तो भरायचा, कान लावून ऐकायचा, पुसायचा आणि महादेवच्या हाती परत पाठवायचा. चिठ्ठी नाही, निरोप नाही. असं हे काही वर्षं चाललं होतं, आणि चालत राहिलं असतं.

एका थंडीत, कापसाच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला असताना, महादेवनं सुलतानपूरच्या बॅटरीची पेटी आणून माझ्या पायरीवर ठेवली, कारण गुलाबभाऊ नेहमीप्रमाणे दुकानात नव्हता. मी सहज पाहिलं आणि मला चमकल्यासारखं झालं. मी काही त्यातला जाणकार नाही, पण इतक्या दिवसांच्या शेजारानं एवढं कळत होतं. तारांच्या जागी हिरवट बुरा चढला होता. एक बूच नव्हतं, त्या भोकात कापडाचा बोळा.

गुलाबभाऊ आला. बोळा काढला. आत पाहिलं. मग दुसरं घर उघडलं, तिसरं उघडलं.

"कोरडी," तो म्हणाला. "पत्रे उघडे पडले. पांढरे फट झाले."

"महादेव," त्यानं रस्त्यात थांबलेल्या महादेवला ओरडून विचारलं, "हे कोणं देल्ली मोटारीवर?"

"घरचा गडी होता कोणी. बाई नाही दिसल्या मले."

"कोणी बिमार हाय काय घरात?"

"आता मले काय माहीत, भाऊ?"

गुलाबभाऊ पेटीपुढं उभा राहिला. माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस पहिल्यांदा असा काहीच न करता जागेवर उभा राहिला होता, आणि त्यामुळं मलाच भीती वाटली. मग एकाएकी तो वळला, भिंतीवरचा खटका खाली ओढला. जांभळा उजेड गेला. फळीवर शंकरची बॅटरी होती, कोणाकोणाच्या पंचायतींच्या होत्या, सगळ्या अर्ध्या भरलेल्या. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चाल बे मास्तर."

"कुठं?"

"सुलतानपूरले. मी एकटा नाही जात. काही असलं तं मले कोणी पाहिजे."

माझ्या मशीनवर एका वकिलाचा कोट अर्धा होता. मी तो तसाच झाकला आणि निघालो.

त्या प्रवासात त्या माणसानं मोटारीतल्या एकालाही सुखानं बसू दिलं नाही. तो पुढं जाऊन ड्रायव्हरच्या खांद्यावरून रस्ता पाहायचा, मागं येऊन माझ्या शेजारी टेकायचा, परत उठायचा. थांब्यावर लोक चढताना हा खाली उतरून त्यांची गाठोडी वर ढकलायचा, म्हाताऱ्यांना काखेत धरून चढवायचा, म्हणजे गाडी लवकर सुटेल. चिखलीला ड्रायव्हर चहाला गेला तर हा त्याच्या जागेवर बसून भोंगा वाजवत राहिला. ड्रायव्हर कप हातात घेऊन पळत आला. शिव्या द्यायच्या म्हणून आला होता, पण याचं तोंड पाहून गाडी सुरू केली.

"टायफाईड असन," तो मला सांगायचा. थोड्या वेळानं म्हणायचा, "नाहीतं पडली असन. विहिरीवर शेवाळ असते." मेहकर मागं पडल्यावर तो परत माझ्या शेजारी येऊन टेकला. नुसता खिडकीची दांडी धरून बसला, आणि त्याचा पाय हलत राहिला. घोंगडीची पँट माझ्या मांडीला घासत होती.

सुलतानपुरात उतरल्यावर तो पळतच गेला. मी मागून धापा टाकत पोचलो तेव्हा तो दाजीबांच्या अंगणात उभा होता. म्हातारबुवा ओसरीवर बसले होते. डोळे आकाशाकडे, दोन्हींत फूल पडलेलं. त्यांना याच्या पायांचा आवाज कळला.

"जवाईबुवा का? या. अनसा वावरात गेली, येते आता."

"बरी हाय?"

"बरी नसाले काय झालं? वांगे तोडाले गेली."

गुलाबभाऊनं कपाळावरून हात फिरवला. मग तो ओसरीवर चढला आणि रेडिओपाशी गेला. रेडिओवर भरतकामाचं कापड घातलेलं होतं आणि कापडावर धूळ. त्यानं धुळीवर बोट ओढलं. तेवढ्यात अनसा आली. डोक्यावर वांग्यांची टोपली. पूर्वीपेक्षा अंगानं भरलेली, केसांत पांढरं आलेलं, पण चाल तीच. याला पाहून ती थांबली नाही, की घाईही केली नाही. टोपली उतरवली, रांजणाशी जाऊन पाय धुतले, तांब्या भरला, आधी मला दिला, मग त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला नाही.

"पाणी काऊन नाही टाकलं तिच्यात?"

"बसा पयले."

"पत्रे उघडे पडले! पांढरे झाले! आता ते कधीच पुरी भरत नाही, माहीत हाय तुले?"

"माहीत हाय. तुमीच शिकवलं."

"मंग?"

"मंग काय? मुद्दामच नाही टाकलं."

मी अंगणातल्या बैलाकडे लक्षपूर्वक पाहायला लागलो. ऐकू मात्र सगळं येत होतं.

"मुद्दाम?"

"हाव. किती साल घालू पाणी? तुमी भरून पाठवता, मी जपून वापरते. पुसते, ग्रीस लावते, मोटारीवर ठेवते. पेटी जाते, पेटी येते. माणूस काही येत नाही. म्हणलं, राहू दे कोरडी."

"मले वाटलं तू बिमार हाय! मेली-बिली का काय!"

"मेली असती तं तार आली असती. बॅटरी कायले येईन?"

दाजीबा ओसरीवर खोकले. खोकला नव्हता तो, हसू होतं. गुलाबभाऊनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं. कोणाकडूनच मदत मिळाली नाही. मग तो ओसरीच्या कडेला खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अनसा तांब्या घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली. त्यानं तोंडावरून हात काढला तेव्हा तिनं त्या हातात तांब्या दिला.

तिनं स्वयंपाक केला तो तिच्याच चालीनं. वांग्याची भाजी, भाकरी, कांदा. जेवायला बसल्यावर एक भाकरी संपून दुसरी यायला इतका वेळ लागायचा की मीसुद्धा चुळबुळलो. गुलाबभाऊ ताटाशी मांडी घालून होता. त्याचे गुडघे वर-खाली होत होते, पण तो ताटावरून उठला नाही.

जेवण झाल्यावर त्यानं विचारलं, "चालतं काय खामगावले?"

"नाही," अनसा म्हणाली. "बाबाची नजर गेली. तेईले कोण पाहीन?"

"मायं नाव नको सांगू," दाजीबा ओरडले. "मी राह्यतो एकटा. तू जाय."

"तुमी चूप राहा, बाबा."

"पण इथी लाईन नाही," गुलाबभाऊ म्हणाला. "मायं यंत्र कशावर चालीन?"

"मी कुठं म्हणली इथी या म्हणून? तुमी विचारलं, मी सांगतलं."

आम्ही दुसऱ्या दिवशी परत आलो. येताना गुलाबभाऊ मोटारीत एका जागी बसून होता. मध्येच एकदा म्हणाला, "तिचे केस पांढरे झाले, मास्तर," आणि पुन्हा बाहेर पाहायला लागला.

खामगावात पोचल्या पोचल्या त्यानं आधी सगळ्यांच्या अर्ध्या राहिलेल्या बॅटऱ्या पुन्हा लावल्या, शंकरच्या शिव्या खाल्ल्या, आणि मग सुलतानपूरची पेटी घेतली. बुरा धुतला, नवं बूच बसवलं. पाणी घालायला बसला तेव्हा मी दारातून पाहत होतो. डावा हात उजव्या मनगटाला धरून, श्वास रोखून, तो धार सोडत होता. मग अगदी कमी वीज सोडून ती भिंतीशी लावून ठेवली. कितीतरी दिवस ती तिथंच होती. मी रोज विचारायचो, तो रोज नाही म्हणून मान हलवायचा. शेवटी एका दुपारी मला हाक मारून कान लावायला सांगितलं. बारीक, खूप बारीक, आतून आवाज येत होता.

"निम्मी आली," तो म्हणाला. "पुरी नाही येत आता. पण रेडिओ बोलीन."

ती त्यानं टपावर टाकली नाही. स्वतः मांडीवर घेऊन सुलतानपूरला गेला. त्यानंतर पेटी आली ती त्याच्याबरोबर, आणि गेली तीही त्याच्याबरोबर. निम्म्या भरलेल्या बॅटरीला लवकर लवकर आणावं लागतं, त्यामुळं त्याच्या खेपा वाढल्या. गल्लीत लोक म्हणू लागले की गुलाबभाऊचं दुकानात लक्ष नाही. खरंच नव्हतं. मग त्यानं मेहकरच्या गिरणीवाल्याशी बोलणं केलं. त्या बिचाऱ्याला पिठातून वेळ नव्हता, त्यानं आपला जोडधंदा आनंदानं याच्या गळ्यात घातला. मेहकराहून सुलतानपूर म्हणजे सायकलवरचं अंतर. दिवसा दुकान, संध्याकाळी घर, असं ठरलं.

यंत्र उतरवून, तो काचेचा गोळा गवतात गुंडाळून पेटीत ठेवायचं काम चाललं होतं, तेव्हा एका सकाळी तो माझ्याकडे आला. हातात कापड. पोपटी खण, लाल काठाचा. तो त्यानं माझ्या फळीवर ठेवला आणि दुसरीकडे पाहायला लागला.

"चोळी शिवून दे. तिच्यासाठी."

"बरं. माप?"

"माप काय? माप..." त्यानं दोन्ही हात हवेत धरले, एवढी, अशी. मग हात जरा दूर नेले. मग जवळ आणले. आपल्याच हातांकडे पाहत राहिला आणि हळूच खाली घेतले.

"तवा बारीक होती," तो म्हणाला. "आता नीट पाह्यलंच नाही मी."

मी म्हटलं, "अंदाजानं शिवतो, भाऊ. सैल ठेवतो."

"नाही. थांब. आणतो."

खण तसाच टाकून तो गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आला. चेहऱ्यावर प्रवासाची धूळ, हातात वर्तमानपत्राची पुडी. पुडी उघडली तर आत तिची जुनी चोळी. निळी असावी कधीकाळी. बाहीला हळदीचा डाग, एका हुकाच्या जागी दोऱ्याचं फूल गुंतवलेलं. मी घ्यायला हात पुढं केला तर त्यानं पुडी मागं घेतली.

"तेल हाय तुह्या हाताले. पूस पयले."

मी हात पुसले. त्यानं ते पाहिले, मग चोळी दिली. मी ती फळीवर पसरली, टेप लावला, आणि नेहमीच्या सवयीनं छातीचं माप मोठ्यानं म्हटलं.

गुलाबभाऊ दचकून पुढं आला. त्यानं रस्त्याकडे पाहिलं, कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, कोणाचंच आमच्याकडे लक्ष नव्हतं. तो लाल झाला होता.

"हळू बोल ना बे मास्तर," तो कुजबुजला. "रस्ता हाय."

बाकीची मापं मी मनातच घेतली.